घर बघताना प्रवास कोणाचा, तेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतलं लहान घर आणि बदलापूर-वांगणीकडचं मोठं घर यांची तुलना करणारा लेख वाचला. चौरस फुटाचा दर, बँकेचा हप्ता, मेंटेनन्स, स्टेशनपासूनचं अंतर, सगळं त्यात व्यवस्थित मांडलं होतं. लांबच्या घरातून रोज कामाला जाणार कोण, एवढं मात्र त्यात कुठेच नव्हतं. मी 2009 पासून बदलापूरला राहते आणि नोकरी फोर्टमध्ये करते, म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले ती 160 फुटांच्या खोलीत. सासरे गिरणी कामगार होते. 1982 च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही, पण पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली, खोली राहिली. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं, अशी सहा माणसं त्या खोलीत राहायची. मोरीला पडदा होता. बाईमाणूस अंघोळीला गेलं की घरातले पुरुष आपण होऊन गॅलरीत जाऊन उभे राहायचे. हे कोणी कोणाला सांगत नसे, पडद्याच्या कड्या वाजल्या की सासरे उठायचे. पावसाळ्यात गॅलरीत झड आली की ते छत्री उघडून उभे राहत, आणि मी मोरीत घाईघाईने तांब्यावर तांब्या ओतत असे. रात्री सासरे आणि मुलगा गॅलरीत झोपत. संडास मजल्याच्या टोकाला होता आणि सकाळी रांग असायची.

चाळीच्या आठवणींनी हळवं होणारं बरंच लिहिलं जातं. शेजारधर्म खरा होता. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मजल्यावरच्या बायकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. पण वयात आलेल्या मुलीला कपडे बदलायला जागा नसणं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलं त्यांनी घर बदललं तर त्यांना कोणी नावं ठेवू नयेत.

म्हणून आम्ही खोली विकली. प्रथेप्रमाणे एक तृतीयांश रक्कम घरमालकाला गेली. उरलेल्या पैशांत बदलापूरला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आलं, कर्ज काढावं लागलं नाही. माझे यजमान तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होते. लालबागहून त्यांना दीड तास लागायचा, तो वीस-पंचवीस मिनिटांवर आला. सगळ्यांनी तोंड भरून सांगितलं, उत्तम निर्णय. मलाही तसंच वाटलं. माझा स्वतःचा प्रवास चिंचपोकळीहून सीएसएमटीपर्यंत चाळीस मिनिटांचा होता, तो दारापासून दारापर्यंत सव्वादोन तासांचा होणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण घरातल्या बैठकीत त्यावर पाच मिनिटंसुद्धा कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

माझा हिशेब असा. दिवसाला तीन तास जास्तीचे, वर्षाला 240 दिवस, म्हणजे 720 तास. करोनाचा काळ वजा करून पंधरा वर्षं धरली तर 10,800 तास होतात. चोवीस तासांचा दिवस धरला तर 450 दिवस, सव्वा वर्षाच्या आसपास. हे सव्वा वर्ष मी गाडीत, फलाटावर आणि शेअर रिक्षाच्या रांगेत घालवलं आहे.

ज्यांनी हा प्रवास केला नाही त्यांना वाटतं की बदलापूर लोकल बदलापूरलाच सुटते, मग बसायला मिळत असेलच. सकाळी तसं होत नाही. अंबरनाथच्या बायका रिटर्न मारून, म्हणजे उलट बदलापूरला येऊन, गाडी लागायच्या आधीच बसून असतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग, अंबरनाथला उभं राहायला पाय ठेवायला जागा नसते. कर्जतहून येणारी गाडी तर इथे येतानाच भरलेली. मग 'कुठे उतरणार?' असं विचारत फिरायचं, ठाण्याला उतरणारीची सीट आधीच सांगून ठेवायची, नाहीतर तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धं टेकून कल्याण गाठायचं. माझ्या गुडघ्याचे डॉक्टर मला विचारतात, उभं राहायचं काम आहे का? माझं काम टेबलावरचं आहे.

कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रूळ आहेत. त्यांच्यावरूनच आमच्या लोकल आणि पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस धावतात. एक्स्प्रेसला वाट द्यायची म्हणून लोकल थांबवून ठेवतात हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका 2019 मध्ये मंजूर झाली. काम चालू आहे, पूर्ण झालेलं नाही. तेवढ्या काळात आमच्या एका रस्त्यावर किती इमारती उभ्या राहिल्या, त्या मी खिडकीतून मोजू शकते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना घासून गेल्यासारख्या गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्याच दिवशी चार जण गेले. त्यातली एक गाडी आमच्याच मार्गावरून, कर्जतकडून येत होती. त्या सकाळी माझा फोन लागत नव्हता तेव्हा सासूबाई देवापुढे बसून होत्या. आज कोणी लांबचं घर घेतो तेव्हा घरच्यांची ही धाकधूकही त्या घरासोबत येते.

आपण सगळे हा निर्णय ज्याच्या त्याच्या आवडीचा मानतो. जनगणनेचे आकडे बघितले तर तसं वाटत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची, लोकसंख्या सुमारे तेहतीस लाख चाळीस हजारांवरून एकतीस लाखांच्या खाली आली. त्याच काळात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होता) एक्क्याऐंशी लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. माणसं निघाली, पण त्यांची कामाची ठिकाणं बरीचशी मागेच राहिली. गिरण्यांच्या जागी ऑफिसं झाली आणि गिरणी कामगारांची मुलं-सुना तिथेच कामाला जायला साठ-सत्तर किलोमीटरवरून येऊ लागली. सीएसएमटी ते बदलापूर 68 किलोमीटर आहे.

आमच्या जुन्या चाळीचा पुढे पुनर्विकास झाला. जे थांबले त्यांना 300 फुटांची घरं मिळाली. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नव्हती, ते मी लपवत नाही. पण त्यातल्या दोन कुटुंबांना टॉवरचा मेंटेनन्स झेपेना, त्यांनी घर भाड्याने दिलं आणि ती आता डोंबिवलीला राहतात. त्यामुळे थांबलो असतो तर सगळं चांगलंच झालं असतं असंही मी म्हणणार नाही.

मोठ्या घराने आम्हाला काय दिलं, तेही सांगते. बारावीच्या वर्षी मुलगी एका खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. सासूबाई घाबरून मला म्हणाल्या, दार का लावलं गं तिने? मी म्हटलं, अभ्यास करतेय. लालबागला आमच्या घरात माणसं आत असताना दार लावायची वेळच आली नव्हती. त्या खोलीतल्या टेबलावर बसून ती शिकली आणि आज चांगल्या नोकरीला आहे. त्या एका कडीसाठी मी आणखी पाच वर्षं उभ्याने प्रवास केला असता.

पण 2016 च्या ऑगस्टमधली एक रात्रही सांगायला हवी. अकराच्या सुमारास सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. सर्वात जवळच्या रुग्णालयात नेलं तर तिथे सीटी स्कॅन नव्हतं. ठाण्याला न्या म्हणाले. रुग्णवाहिका यायला दीड तास गेला. वाटेत शिळफाट्याला रात्रीच्या ट्रकची रांग. ठाण्याला पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्हाला उशीर झाला होता. सासरे वाचले, पण पुढची तीन वर्षं त्यांना स्पष्ट बोलता आलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीतून केईएम रुग्णालय चालत गाठता येत असे. सासरे रुग्णवाहिकेत डाव्या हाताने माझा पदर धरून होते आणि मी बाहेर ट्रकच्या लाल दिव्यांकडे बघत होते. घराची किंमत काढताना आम्ही रुग्णालयाचं अंतर विचारलं नव्हतं, शाळेचं विचारलं होतं.

पाण्याचं आणि पुराचं थोडक्यात लिहिते. मे महिन्यात आमच्या सोसायटीला टँकर घ्यावे लागतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. पावसाळ्यात उल्हास नदी भरली की पश्चिमेच्या सखल भागात, हेंद्रेपाडा-रमेशवाडीकडे, पाणी शिरतं. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ याच पुरात अडकली होती आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. नदीकाठच्या इमारतीत घर घेणाऱ्याने पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन, म्हणजे घर बुक करायची आगाऊ रक्कम, देऊ नये. तो नगरपालिकेत मागावा, बिल्डरच्या ऑफिसात नव्हे.

आता आमच्या घरात पुन्हा तोच विषय निघाला आहे. मुलीचं लग्न ठरलं आहे. ती वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जाते, होणारे जावई परळला. दोघांपुढे दोन पर्याय आहेत. वांगणीला कर्ज काढून टू बीएचके, नाहीतर सायन-माटुंग्याच्या बाजूला भाड्याने एक खोली आणि स्वयंपाकघर. आमच्या नात्यातली सगळी मोठी माणसं एकच सांगतात, भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, हप्ता भरला तर निदान घर आपलं होतं.

मी तिला उलट सांगितलं आहे. पहिली पाच-सहा वर्षं नोकरीजवळ भाड्याने राहा. भाडं दिल्याने दोघांचे मिळून रोज सहा तास वाचत असतील तर ते पैसे पाण्यात गेले असं मी मानत नाही. मूल झालं तर त्याला संध्याकाळी सातला आई-बाप दोघंही दिसतील. आणि जर घर लांबच घ्यायचं ठरलं, तर ज्याचा प्रवास वाढणार आहे त्याचं घरातलं काम आधी कमी करा, हे लग्नाआधी तोंडाने बोलून ठरवा. मी साडेआठला घरी येऊन पोळ्या लाटायला उभी राहायची, आणि यजमान सहालाच घरी आलेले असत. ते वाईट नाहीत. त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि मी पहिली दहा वर्षं सांगितलं नाही. करोनात ते घरी असताना कणीक मळायला शिकले, आता रोज मळतात.

सरकारकडे मागणं एकच आहे. ज्या स्टेशनाला नवे रूळ मिळालेले नाहीत आणि ज्या गावात रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होत नाही, तिथे वीस-वीस मजल्यांना परवानग्या देताना आधी त्या दोन गोष्टींची तारीख लोकांना सांगावी. आणि आपल्या पुरवणीने यापुढे अशी तुलना छापली तर चौरस फुटाच्या दराशेजारी सकाळी आठच्या गाडीने लागणारा वेळ छापावा. दुपारी दोनच्या रिकाम्या गाडीचा वेळ जाहिरातीत असतोच.

होणाऱ्या जावयांना मी म्हटलं, टोकन देण्याआधी एक आठवडा आमच्याकडे राहायला या आणि इथून कामाला जा. ते लगेच हो म्हणाले. येत्या सोमवारी ते माझ्यासोबत सकाळी फलाटावर असतील. मी लेडीज डब्यात चढेन, ते शेजारच्या जनरलमध्ये. पावसाळा आहे, त्यांना बॅग पुढे घ्यायला आणि दारात उभं न राहायला सांगून ठेवलं आहे.

आपली,
एक वाचक, बदलापूर (पूर्व)