पहिलं रिव्हॉल्व्हर हलकं नको, हाताला बसणारं हवं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पहिलं रिव्हॉल्व्हर कसं निवडावं यावर लेख आला होता. वाचला आणि तेव्हापासून चैन नाही. कारण त्यात नवख्या माणसाला, आणि बाईला तर नक्कीच, छोटं आणि हलकंच घ्या असं सांगितलंय. हाच सल्ला मी माझ्या धाकट्या बहिणीला दिला होता आणि त्याचं काय झालं ते मी बघितलंय म्हणून लिहितोय.

तिने माझं ऐकून २ इंची नळीचं, ५ गोळ्यांचं, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचं, म्हणजे मूळ सांगाड्याचं, घेतलं, वजन जेमतेम ४५० ग्रॅम, हातात घेतलं की खेळण्यासारखं वाटायचं. रेंजवर पहिल्या पाचच गोळ्यांत तिच्या अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटली आणि मग तिला अशी धास्ती बसली की चाप पूर्ण दाबायच्या आधीच डोळे मिटायचे आणि मनगट खाली जायचं, गोळ्या सगळ्या टार्गेटच्या खाली. ही सवय एकदा लागली की सुटत नाही हो लवकर. तिची सुटायला कित्येक महिने गेले, आणि ती चूक तिची नव्हती, माझी होती.

गोळी पुढे सुटते तेव्हा हत्यार मागे येणारच, आता ते किती जोरात येणार हे वजनावर ठरतं. जड असेल तर तोच धक्का सावकाश ढकलल्यासारखा येतो, हलकं असेल तर चापट बसल्यासारखा. शिवाय आखूड नळीवर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच इतकी जवळ असते की हात केसभर हलला तरी नेम वीतभर चुकतो. म्हणजे छोटं हलकं रिव्हॉल्व्हर हे खरं तर मुरलेल्या हाताचं काम आहे, खिशात बाळगायला सोपं म्हणून शिकायलाही सोपं असं काही नसतं.

पहिलं घ्यायचं तर स्टीलचं, ४ इंची नळीचं, ६ गोळ्यांचं, साधारण १ किलोच्या आसपासचं घ्या. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं मॉडेल १० हे अशाच धाटणीचं, आणि ते ज्यातून आलं ते डिझाइन १८९९ चं आहे, कितीतरी देशांच्या पोलिसांनी ते वापरलं, ते उगीच नाही.

आणि चापाबद्दल तर लेखात एक ओळ नाही! मागचा घोडा (हॅमर) आधी न चढवता थेट चाप ओढायचा म्हणजे ४.५ ते ५.५ किलोचा जोर लागतो. आता अर्धा किलोच्या वस्तूवर पाच किलोचा जोर लावल्यावर ती जागची हलणार नाही तर काय होणार? म्हणून घेण्याआधी, आत काडतूस नाही हे स्वतः सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, उघडून बघून, सुरक्षित दिशेला धरून चाप सावकाश ओढून बघा आणि माशी थरथरते का ते बघा. बोटाचं टोक चापापर्यंत पोचवायला हाताची पकड फिरवावी लागत असेल तर ती फ्रेम तुमच्या हाताची नाही. रिव्हॉल्व्हरची मूठ नंतर बदलता येते, रबराची लाकडाची कसलीही, फ्रेम बदलता येत नाही.

कॅलिबरवर, म्हणजे गोळी किती जाडीची यावर, लेखात दोन कॉलम आहेत, मला त्यात एकच गोष्ट कामाची वाटते. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलची काडतुसं चालतात, दाब जवळपास निम्मा, त्यामुळे शिकायला सौम्य पडतात. उलटं मात्र कधीच करायचं नाही, .३५७ ची पुंगळी ३ मिलिमीटरने लांब ठेवलीय ती .३८ च्या सिलिंडरमध्ये बसू नये म्हणूनच. हात अगदीच नवा असेल तर आधी .२२ च्या हलक्या काडतुसावर बसवा, मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी घोडा हळूहळू चढवून बघावा, घोडा पूर्ण चढतो त्याच्या आत सिलिंडर जागेवर लॉक व्हायला हवा, सगळ्या ६ घरांना. मागे राहत असेल तर सोडून द्या. आणि तो सिलिंडर मनगटाला झटका देऊन सिनेमातल्यासारखा बंद करू नका, ज्या दांड्यावर तो फिरतो तो वाकतो. दुसऱ्या हाताने दाबून बंद करायचा.

लायसन्स आणि घरात कुलपात ठेवण्याबद्दल लेखात लिहिलंय ते बरोबर आहे, काडतुसं वेगळ्या कुलपात एवढंच मी त्यात जोडेन.

शेवटी फोटोबद्दल, कारण खरं तर हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं. लेखासोबतच्या फोटोत धरणाऱ्याच्या डाव्या हाताचं बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेला टेकलेलं आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते, प्रत्येक गोळीला तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात, त्यात बोट आलं तर मांस फाटतं. पिस्तूल धरायची सवय असलेले लोक अशीच पकड घेतात आणि नवखा माणूस तर फोटो बघूनच शिकणार. तेव्हा पुढच्या रविवारी, लेखातली बाकीची मतं तुमची तुमच्यापाशी ठेवा, पण दोन्ही हातांची बोटं सिलिंडरच्या मागे असलेला फोटो तेवढा छापा.

आपला,
एक जुना वाचक