प्लेट तुझीच बरोबर होती

प्रिय सुलू,

आठ महिने झाले, तुझी दोन पत्रं तशीच पडून आहेत. रागाव, हक्कच आहे तुझा. पण आज जे झालंय ते घरात कुणाला सांगून कळत नाही. वसंत "बरं, मग?" म्हणाला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. तुला एका ओळीत कळेल: माझ्या पोटात ईएसबीएल ई. कोलाय निघालाय, पेनिसिलीनच्या जातीची बहुतेक औषधं मोडून टाकणारा आतड्यातला जंतू.

प्रकृती ठीक. गुडघा तेवढा कुरकुरतो.

आता पहिल्यापासून सांगते. आईला सी. डिफ., तो जुलाबांचा जंतू, झालाय, तिसऱ्यांदा. न्यूमोनियासाठी दिलेल्या अँटिबायोटिक्सनी आतडं उजाड केलं आणि त्या मोकळ्या रानात हा माजला. त्यावरचं व्हॅन्कोमायसिन चालू असेपर्यंत बरी, बंद केलं की पुन्हा जुलाब. शेवटी डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू तिच्या आतड्यात सोडून बघू. दाता व्हायला मी तिथल्या तिथे हो म्हटलं. २०१३ चा तो डच प्रयोग आठवतो ना? दात्याची विष्ठा मिळालेल्या सोळांपैकी तेरा जण पहिल्याच खेपेत बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर तेरांपैकी चार. फरक एवढा उघड होता की प्रयोग मध्येच थांबवला.

तू आता हसत असशील. हस. "आईनं दूध पाजलं, लेक काय परत करतेय बघा" असं दादांच्या देखत म्हणायला तू कमी करणार नाहीस.

पण मला नाकारलं गं. २०१९ मध्ये अमेरिकेत दोन रुग्णांना दात्याकडून हाच जंतू गेला आणि एक जण दगावला, तेव्हापासून दात्याची ही तपासणी करतात. म्हणजे थोडी वर्षं आधी हे घडलं असतं तर मी आनंदानं आईला तेच दिलं असतं. रात्री हाच विचार येतो आणि मग झोप नाही.

मी सहा वर्षांत एक गोळी घेतलेली नाही. तुला माहीत आहे, मी किती छातीठोकपणे सांगायचे की प्रतिरोध, जंतूंनी औषधाला दाद न देणं, म्हणजे दुसऱ्यांचा निष्काळजीपणा. आता सगळं पुन्हा काढून वाचतेय. १९४० च्या डिसेंबरात अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलीन मोडणारं एन्झाइम कोलाय जंतूत दाखवलं, आणि त्यांच्या पेनिसिलीनचा ऑक्सफर्डमधला तो पोलीस रुग्ण १९४१ च्या फेब्रुवारीतला! औषध खाटेपाशी पोचायच्या आधी तोड तयार. २०११ मध्ये तर तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीत प्रतिरोधाचे जनुक सापडले. आणि २००९ चा तो अभ्यास: वर्षभर अँटिबायोटिक न घेतलेली दोन धडधाकट माणसं, त्यांच्या आतड्यातल्या आणि लाळेतल्या जंतूंमध्ये प्रतिरोधाचे ढीगभर जनुक, त्यातले कितीतरी आधी कुणी पाहिलेलेही नाहीत. आजार करणारे जंतू नव्हेत, आपले नेहमीचे, गरीब. सॅलयर्सबाईंनी आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स जंतूंमधला टेट्रासायक्लिनला दाद न देणारा टेट-क्यू जनुक मोजला होता, आठवतं? १९७० पूर्वीच्या जंतूंत साधारण तीस टक्के, १९९० च्या दशकात ऐंशीच्या वर. आतड्यात हे जंतू एकमेकांना चिकटून राहतात. एकाकडचं प्लास्मिड, असे जनुक वाहणारं डीएनएचं कडं, शेजाऱ्याकडे जायला अवधी लागत नाही.

इथं मला आपलं ते प्रॅक्टिकल आठवलं. दाता आणि ग्राहक जंतू एका नळीत, तासभर ३७ अंशांवर, मग दोन्ही अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर, जिथं एकाचा प्रतिरोध दुसऱ्याकडे गेला तरच जंतू वाढतो. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर तुझ्या प्लेटवर कॉलन्याच कॉलन्या, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले की सुलूनं कंट्रोल, तुलनेची प्लेट, लावला नाही, हे कंटॅमिनेशन आहे. पंधरा दिवस बोलली नाहीस. सुलू, प्लेट तुझीच बरोबर होती. मला ते त्याच आठवड्यात कळलं होतं, कबूल आज करते.

आणि दुसरंही. हॉस्टेलवर तू पाचांतली तीन दिवसांची औषधं घेऊन थांबलीस तेव्हा मी तुला फैलावर घेतलं होतं. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं की बऱ्याच संसर्गांत "कोर्स पुरा करा" याला म्हणावा तसा पुरावाच नाही. औषध जितके दिवस पोटात, तितकी आतड्यातल्या बाकीच्या जंतूंतून प्रतिरोधी निवडले जायची संधी जास्त. क्षयरोगाची गोष्ट वेगळी, तिथं मी अजून भांडेन. पण त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले ते पाठ केलेलं वाक्य होतं.

मिहीरच्या नोकरीचं काय झालं? तुझी बदली थांबली का? घर घाईनं विकू नकोस, आधी मला विचार.

माझ्याकडे हा कुठून आला ते सांगता येणार नाही म्हणतात. गेल्या साली परदेशात गेले होते तेव्हाही असेल. डच प्रवाशांच्या अभ्यासात जाताना स्वच्छ असलेल्यांपैकी ३४ टक्के हा घेऊन परतले, आणि त्यांतल्या ११ टक्क्यांकडे वर्षानंतरही होता. नाहीतर इतकी औषधं झालेल्या आईकडूनच माझ्याकडे आला असेल. तिचीही तपासणी करायची आहे. माझ्यासाठी उपचार काहीच नाही. त्रास नाही तोवर हात धुवा आणि वाट बघा. आता दाता म्हणून नचिकेतची तपासणी होतेय, पण त्यानं मुरुमांसाठी कितीतरी दिवस डॉक्सिसायक्लिन घेतलंय, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नाही.

तू इतकी वर्षं या प्लेटा वाचल्यास. मला सरळ सांग: आईला रोज मी भरवते, धुते, पुसते. हे मी करत राहू का? हात तीनतीनदा धुते तरी घास पुढं करताना थबकते, आणि तिला ते दिसतं.

तिला खरं सांगितलेलं नाही. म्हटलं, पन्नाशी उलटली म्हणून मला घेत नाहीत. म्हणाली, "माझ्यापुढं तुझं कसलं गं वय?"

लवकर लिही.

तुझी,
कुमुद