कान्हेरीचं पाणीही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या सहलींचा हंगाम तोंडावर आला म्हणून हे पत्र. मी बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टर होतो. निवृत्तीनंतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी चालायला जाऊ लागलो, आणि कान्हेरीच्या लेण्यांत अडकलो तो अडकलोच. आम्ही पाच-सहा जण रविवारी तिथे थांबतो. गाइड म्हणून नव्हे. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्या आड आम्ही येत नाही. वाट दाखवायची, एखाद्या आजींना पायऱ्यांवर हात द्यायचा, माकडांपासून पिशव्या सांभाळायला सांगायचं, कुणी विचारलंच तर दोन शब्द बोलायचे. पगार नाही, बिल्ला नाही. 'पुढे सरका' म्हणायची जुनी सवय मात्र उपयोगी पडते.

बहुतेक सहलींचा कार्यक्रम ठरलेला. ३ क्रमांकाच्या चैत्यगृहात उंच बुद्धमूर्तीपुढे ग्रुप फोटो, ११ क्रमांकाच्या दरबार लेण्यात हजेरी, मग डबे. चैत्यगृह बघायलाच हवं, वादच नाही. पण शंभराहून जास्त लेण्यांच्या या डोंगरावर भिक्षू शतकानुशतकं राहिले ते पाण्याची सोय होती म्हणून, आणि ती सोय मुलांना कुणी दाखवत नाही. कातळात पन्हळी कोरल्यात. डोंगरावर पडलेला पाऊस त्यांतून लेण्याच्या दाराशी खोदलेल्या टाक्यात उतरतो. गडावर आपण टाकं म्हणतो, इथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. जुलैत छत्री धरून उभं राहिलं की काही समजवावं लागत नाही. पाणी कुठून कुठे पळतंय ते पोरंच एकमेकांना दाखवतात.

५ क्रमांकापाशी टाक्याजवळ एक ब्राह्मी लेख आहे, भाषा संस्कृत. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी, त्याची राणी कार्दमक घराण्यातली, महाक्षत्रपाची, म्हणजे पश्चिमेकडच्या शक राजाची मुलगी. आणि सतेरक नावाच्या अमात्याने, म्हणजे मंत्र्याने, हे टाकं दान दिलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. सातवाहन आणि क्षत्रप लढतही होते आणि सोयरिकही जुळवत होते, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ''राणीचं नाव काय?'' म्हटलं, बाळा, नेमका तेवढाच भाग झिजून गेलाय. ती म्हणाली, ''मंत्र्याचं बरं राहिलं!'' यावर मी काय बोलणार?

त्याच टाक्यांत वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या तरंगतात. हाताला लागतील तेवढ्या आम्ही काढतो.

सहल आणणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती, की टाक्यांसाठी दहा मिनिटं काढा, आणि तीही डब्यांच्या आधी. पोट भरल्यावर मुलं ऐकत नाहीत, हे गर्दी हाताळलेल्या माणसाचं ऐका. आणि बोरिवली-दहिसरकडच्या निवृत्तांनो, एखाद्या रविवारी आमच्याबरोबर येऊन थांबा. ब्राह्मी वाचता यायची अट नाही. मला नुसती 'दा' आणि 'न' ही अक्षरं ओळखायला दोन पावसाळे लागले.

सोमवारी लेणी बंद असतात. गेल्या वर्षी एक अख्खी बस फाटकावरून परत गेली, म्हणून लिहिलं.

– एक निवृत्त कंडक्टर, बोरिवली (पूर्व)