विषय : .२२ मॅच राउंडचा नवा लॉट जुन्यासारखा नाही, आणि वरून तुमच्या कस्टमर केअरचं ज्ञान

प्रति,
क्वालिटीचे हेड जे कोणी असतील ते

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला अन् लगेच लिहायला बसलो, कारण उद्यापर्यंत थांबलो तर राग थंड होईल आणि तुम्हाला तेच पाहिजे. आपण काय विकतो हे निदान तुम्हाला तरी माहीत आहे असं धरून चालतो.

तुमचे मॅच राउंड, म्हणजे स्पर्धेची .२२ काडतुसं, मी कित्येक वर्षांपासून ५० मीटर प्रोनला (पालथं झोपून नेम मारायचा प्रकार) वापरून राहिलो. गेल्या वर्षी वेगवेगळे लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपेला बनलेला माल, मारून पाहिले, त्यातला एक माझ्या रायफलला मस्त बसला, म्हणून यंदा तेच नाव, तोच डबा, भाव तेवढा जास्त, असे राउंड घेतले. लॉट नंबर वेगळा होता, पण म्हटलं कंपनी मॅच ग्रेड छापते तर सांभाळत असेल. कशाचं काय.

डिसेंबरात सकाळी, वारा नसताना, रायफल रेस्टवर क्लॅम्प करून आधी जुने उरलेले राउंड, मग नवे, मग परत जुने असे गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर मारले. दोन्ही डबे एकाच कपाटातले. जुन्याचा वेग ५-६ मीटर प्रति सेकंदाच्या आत खेळतो. नव्यातला एक ३३० ने जातो अन् त्याच्या मागचा ३१० ने! हिशोब तुम्हीच करा, ५० मीटरवर एवढ्या फरकाने गोळी जवळपास १५ मिलिमीटर वरखाली होते आणि १० ची रिंग आहे १०.४ मिलिमीटरची. टार्गेट पाहा (फोटो तीनदा पाठवून झाला), भोकं आडवी पसरलीच नाहीत, एकाखाली एक सरळ उभी रांग. वाऱ्याने अशी रांग पडत नाही. काडतुसातल्या दारूचं वजन नाहीतर तिचं जळणं राउंडागणिक बदलतंय, नाहीतर रिममधलं (बुडाच्या कडेतलं) प्रायमिंग, म्हणजे दारू पेटवणारा मसाला, सारखं नाही, आणि यातलं काहीही माझ्या हातचं नाही.

बाहेरच्या देशात सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध ठोका बसतो ते) दारू डब्यात विकत घेऊन स्वतः राउंड भरतात. त्यांच्यासाठी कंपन्या वेगवेगळे लॉट मिसळून जळण्याचा वेग जुळवून मगच डबे भरतात, तरीही त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की लॉट नंबर बदलला तर चार्ज, म्हणजे भरायची दारू, कमी करून पुन्हा सुरुवात करा. म्हणजे दारूतलं नायट्रोसेल्युलोज लॉटागणिक थोडं बदलणारच, हे सगळ्या जगाला माहीत आहे. कारखान्यात येते ती दारू अशी जुळवलेली नसते, तिथे दर लॉटला प्रेशर अन् वेग मोजून चार्ज नव्याने ठरवायचा असतो. तो तुम्ही ठरवला का? .२२ रिमफायर (ठोका कडेवर बसतो तो प्रकार), आम्हाला उघडून भरता येत नाही, एका राउंडात दारू जेमतेम एक-दीड ग्रेन, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या आतच, त्यात जराशी उन्नीस-बीस झाली की गेलं. माझे वडील भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या फॅक्टरीत प्रोपेलंटमध्येच रिटायर झाले, लॉट बदलला की प्रूफ, म्हणजे मारून चाचणी, घ्यायचं हे आमच्याकडे जेवतानाही ऐकू यायचं. तुमच्याकडे कोणी ऐकलेलं दिसत नाही.

आता आजचा फोन. टेक्निकल सपोर्ट म्हणून जोडून दिला होता बरं का. पोरगा म्हणतो, "सर, लॉट नंबर फक्त आमच्या स्टॉकसाठी असतो, परफॉर्मन्सशी संबंध नाही." मी म्हटलं भाऊ, आकडे पाठवले ते पाहिले का? "फाईल ओपन नाही होत आहे सर." बरं. मग एकदम, "सर, आपलं वय काय?" ५८ सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग अगदी हळू आवाजात, दवाखान्यात विचारतात तसं, "चष्मा आहे का सर?"

अहो रायफल क्लॅम्पमध्ये होती! क्लॅम्पला कोणता नंबर लावू? हे विचारलं तर "नाही सर, मी जनरल बोललो" म्हणून होल्डवर टाकलं, पेटी-तबला ऐकवला, आणि परत आला तो नवीन शोध लावून, "सर आपण नागपूरवरून ना, तिथे हीट खूप असते." मी स्वेटर घालून मारून राहिलो होतो. आणि हीट असेल तर ती जुन्या लॉटला काहून लागत नाही? यावर उत्तर नाही, पुढचं वाक्य, "सर असं करा, थोडे राउंड कुरिअर करून द्या, आम्ही चेक करतो." जिवंत काडतुसं. साध्या कुरिअरने. काडतुसं बनवणारी कंपनी सांगून राहिली! पाठवणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव लिहू का, तेवढं कळवा.

यापूर्वी तुमच्या एका साहेबांनी ईमेलवर कळवलं होतं की सरासरी वेग स्पेसिफिकेशनमध्ये आहे. असेल ना. मे महिन्याचं ऊन अन् डिसेंबरची थंडी मिळून सरासरी काढली तर नागपूरही महाबळेश्वर निघेल. मॅचमध्ये सरासरी मारत नसतात साहेब, एकेक शॉट मोजतात.

दुकानदार माल परत घेत नाही, म्हणतो लायसन्सवर एंट्री झाली. म्हणजे पैसेही गेले आणि लायसन्सवर वर्षाला जेवढे राउंड घेता येतात त्या कोट्यातून तेवढे राउंडही गेले. पैसे एकवेळ सोडतो हो, कोटा कोण परत देणार? स्टेटची स्पर्धा तोंडावर आहे, माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांनीही माझ्याच सांगण्यावरून हाच लॉट घेतला, त्यांच्याही लायसन्सवर एंट्र्या झाल्या. कोटा वाया जाणं म्हणजे काय, हे तुमच्या सेल्सवाल्यांना कोणीतरी समजवा.

मला या लॉटचा टेस्ट रिपोर्ट पाहिजे, सरासरी नाही, प्रत्येक शॉटचा वेग असलेला. आणि बदली राउंड पाहिजेत, ते डीलरमार्फत, कायद्यात बसेल तसे, मारून पाहिलेल्या लॉटमधले. १५ दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याखाली तक्रार टाकतो, फोनचं रेकॉर्डिंग आहे, तो चष्म्याचा भाग तर मी आयोगापुढे नक्की वाजवणार. रेंजवर तर सांगायला सुरुवात केलीच आहे.

उत्तर ईमेलवरच द्या. फोन करू नका, मी उचलणार नाही.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
नागपूर

सोबत : क्रोनोग्राफचे आकडे, यावेळी साध्या फोटोत, म्हणजे ओपन होतील