साबणाच्या वेष्टनावर न दिसणारे पामतेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंगाच्या साबणाच्या वेष्टनामागे बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांच्या यादीत पुष्कळदा पहिलेच नाव ‘सोडियम पामेट’ असे असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याची पद्धत असल्यामुळे पहिले नाव म्हणजे त्या वडीत सर्वाधिक प्रमाणात असलेला पदार्थ. तरीही हा पदार्थ म्हणजे पामतेलाचा साबण होय, हे त्या नावावरून सामान्य ग्राहकाला उमगत नाही. माझे गाऱ्हाणे नेमके याच गोष्टीविषयी आहे.

पामतेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया केली की तेलातील मेदाम्लांचे सोडियम क्षार तयार होतात आणि ग्लिसरीन वेगळे होते. त्या क्षारांच्या मिश्रणाचे नाव सोडियम पामेट. कॉस्टिक सोडा म्हटले की अनेकांना धास्ती वाटते, परंतु नीट बनवलेल्या साबणात तो क्रियेतच खर्ची पडतो. पामतेलात पामिटिक आम्ल सुमारे ४४ टक्के असते आणि त्यामुळे वडी टणक होते, पाण्यात लवकर झिजत नाही, फेसही बारीक व टिकाऊ येतो. पूर्वी हे काम प्रामुख्याने जनावरांची चरबी करत असे, आणि तिचा साबण आजही ‘सोडियम टॅलोएट’ या नावाने यादीत आढळतो. ज्यांना चरबी नको आहे त्यांच्यासाठी पामतेल हा खरोखरच सोयीचा पर्याय आहे, हे मान्य केले पाहिजे. पामच्या एकाच फळाच्या गरातून हे तेल निघते आणि बीच्या गाभ्यातून दुसरे. या दुसऱ्यात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असल्याने त्याच्या साबणाला चटकन भरपूर फेस येतो, मात्र हा साबण त्वचेला अधिक कोरडी करतो. यादीत त्याचे नाव ‘सोडियम पाम कर्नलेट’ असते.

‘वनस्पतिजन्य’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापून साबण सौम्य असल्याचे सुचवले जाते, ते मला अधिक खटकते. तेल झाडाचे असो वा चरबी जनावराची, खऱ्या साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचे माप; ७ पेक्षा जास्त म्हणजे अल्कधर्मी) साधारण ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा ५ च्या आसपास असतो. साबणात आम्ल मिसळून हा फरक मिटवता येत नाही, कारण तसे केल्यास साबण मोडून पुन्हा मेदाम्ले सुटी होतात आणि त्याचा साबणपणाच संपतो. ज्यांची त्वचा कोरडी आहे किंवा इसबाने त्रस्त आहे, त्यांना या शब्दाच्या भरवशावर वडी निवडायला लावणे योग्य नाही.

दुसरी बाजू जंगलांची आहे. जगातील पामतेलाचा चार पंचमांशाहून अधिक हिस्सा इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतो. सुमात्रा व बोर्निओ बेटांवर पामच्या लागवडीसाठी वर्षावने तोडली गेली, दलदलीची पीट जमीन (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) कोरडी करून जाळली गेली, आणि तेथील ओरांगउटानच्या तिन्ही प्रजाती आज अतिसंकटग्रस्त आहेत. म्हणून पामतेलावर सरसकट बहिष्कार घालावा, असे मात्र मी म्हणणार नाही. एका हेक्टरातून पाम जेवढे तेल देतो, तेवढे मिळवायला सोयाबीनला कितीतरी पट जमीन लागते, आणि ती जमीनही कुठले तरी रान तोडूनच मिळण्याची भीती आहे. शाश्वत पामतेलासाठी २००४ साली स्थापन झालेल्या आरएसपीओ या संस्थेचे प्रमाणपत्र उपयोगी आहे, पण त्याचेही प्रकार आहेत. ‘मास बॅलन्स’ प्रकारात प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकत्र मिसळण्यास मुभा असते आणि केवळ प्रमाणाचा हिशेब ठेवला जातो, ही गोष्ट चिन्ह पाहून समाधान मानणाऱ्या ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही.

जो ग्राहक पामतेल टाळू इच्छितो आणि जो जबाबदारीने पिकवलेले तेल शोधतो, त्या दोघांनाही आधी हे कळले पाहिजे की हातातली वडी पामतेलाची आहे. त्यासाठी नवे संशोधन लागत नाही. उत्पादकांनी शास्त्रीय नाव जरूर ठेवावे, परंतु त्याच्या शेजारी ‘पामतेलापासून’ एवढा एक शब्द वाचता येईल अशा आकारात छापावा, आणि प्रमाणपत्राचे चिन्ह वापरल्यास त्याचा प्रकारही लिहावा. आपल्या वृत्तपत्राने ग्राहकांसाठीच्या सदरातून ही नावे एकदा उलगडून सांगितली, तर उत्पादकांकडे ही मागणी करणारे वाचक नक्कीच पुढे येतील.

आपला,
एक वाचक