डब्यासकट फोटो

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझी तक्रार पोचली. इंग्लंडात राहतोस आणि फोटो कसले पाठवतोस, तर पायऱ्या, टपालपेट्या आणि कचऱ्याचे डबे! वहिनींनाही म्हणे राजवाडे बघायचे होते. राजवाडे लंडनला, आणि त्यांचे फोटो काढायला जगभरची माणसं रांगेत उभी आहेत. माझं गाव लहानसं, बाथहून आगगाडीने पाव तासावर. इथे रांग नसते.

गाव नदीकाठच्या चढावर वसलंय. घरं त्या मधासारख्या पिवळसर चुनखडीची, ज्याला इथे बाथचा दगड म्हणतात. लोकर विणून पैसा आला, गिरण्या उभ्या राहिल्या, धंदा बसला. मग स्टीफन मोल्टन नावाच्या गृहस्थाने १८४८ साली एका रिकाम्या गिरणीत रबराचा कारखाना काढला. त्याच्याच पणतूने पुढे छोट्या चाकांची मोल्टन सायकल काढली, १९६२ साली. आता कारखान्याच्या जागी फ्लॅट आहेत. ती सायकल मात्र पुलावर अजून भेटते.

पुलाबद्दल सांगायलाच हवं. त्याच्या दोन कमानी तेराव्या शतकातल्या, बाकीचा पूल नंतर रुंद केलेला. मधोमध एक बुटकी दगडी खोली आहे, वर सोनेरी मासा वाऱ्याबरोबर फिरतो. खोली म्हणजे गावाची कोठडी. दारू पिऊन दंगा केला की रात्र तिथे. अशा माणसाबद्दल गावात म्हणत, तो ‘माशाखाली आणि पाण्यावर’ आहे. फोटोत सगळे तो मासाच घेतात. मी खाली वाकून दाराचा उंबरठा घेतला.

पण मला जे वेड लागलंय त्याचं कारण वेगळंच. इथे एक सॅक्सन चर्च आहे, हजारेक वर्षांचं, उंच आणि अरुंद, आत जेमतेम पन्नास माणसं मावतील. ते चर्च आहे हेच गाव विसरलं होतं! एका भागात शाळा भरायची, दुसऱ्यात कुणाचं तरी बिऱ्हाड होतं, भोवती इतर घरं चिकटलेली. १८५०च्या दशकात इथल्या कॅनन जोन्स नावाच्या पाद्र्याने टेकडीवरून खालची छपरं बघता बघता त्यातला एक आकार हेरला, आणि तेव्हा कुठे त्याची ओळख पटली. म्हणजे बघ, पोरं तिथे पाढे घोकत होती, चूल पेटत होती, आणि वर दगडात कोरलेले दोन देवदूत तसेच उडत होते. हे वाचल्यापासून मला कुठलीही साधी भिंत साधी वाटेनाशी झाली. (बायको म्हणते, याला डॉक्टर लागेल.)

त्याच टेकडीवर विणकरांच्या घरांच्या रांगा आहेत, एकीवर एक. तोंडं दक्षिणेला. हिवाळ्यात मजा अशी की डिसेंबरात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर चढतो. तुझ्या वाईत त्याच दिवशी तो ४८ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे इथे दिवसभर संध्याकाळचाच उजेड. माणसाची सावली उंचीच्या साडेतीन-चार पट लांब पडते, आणि भिंतीवरचा टाकीचा प्रत्येक घाव उठून दिसतो. तेही सूर्य दिसला तर! नाहीतर आठवडाभर नुसतं राखाडी झाकण.

त्या उजेडात एक बुजवलेली खिडकी मिळाली. इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता. बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच कराकडे बोट दाखवतात, पण काही नुसत्या दर्शनी भाग जुळावा म्हणून आधीपासूनच आंधळ्या बांधलेल्या असतात. या खिडकीतला दगड भोवतालच्या दगडापेक्षा किंचित फिका होता, सांध्यात शेवाळ, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर कुणीतरी दुधाची रिकामी बाटली ठेवलेली. मी नेम धरतोय तोवर घरातल्या आजी बाहेर आल्या आणि कचऱ्याचा डबा बाजूला ओढायला लागल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या फोटोत येईल.’ म्हटलं, राहू द्या, डब्यासकट हवाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू! मग स्वतःच डबा सरळ करून ठेवला, झाकण पुसून.

माझा हा हट्ट काही नवा नाही. इथून मोटारीने अर्ध्या तासावर लेकॉक आहे. तिथे फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फॉक्स टॅल्बट, एका जुन्या मठाच्या वाड्यात राहायचा. त्याने १८३५ साली आपल्याच घरातल्या जाळीदार खिडकीचा फोटो घेतला. जगातली सगळ्यात जुनी टिकून राहिलेली निगेटिव्ह तीच, टपालाच्या तिकिटाएवढी. त्याचे ते लाकडी कॅमेरे घरभर पडलेले असायचे, तर बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. पुढे त्याने काय टिपलं? दारात टेकवलेला खराटा. गवताची गंजी, तिला लावलेली शिडी. हाताशी इतका मोठा मठाचा वाडा असून गडी खराट्यापाशी थांबला. मला तो खराटा त्याच्या वाड्यापेक्षा जास्त सांगतो.

हो, गावात चौदाव्या शतकातलं मठाचं दगडी कोठार आहे, ५१ मीटर लांब, शंभर टनांचं दगडी छप्पर लाकडी वाशांवर पेललेलं. तेही काढलं. छान आलं, पण पोस्टकार्डासारखं आलं. वहिनींसाठी ते पाठवतो.

तू विचारलंस, कोणी हटकत नाही का. सार्वजनिक रस्त्यावरून घराचा, पुलाचा फोटो घ्यायला इथे परवानगी लागत नाही. लहान मुलं चौकटीत आली की मी आपणहून कॅमेरा खाली घेतो. बाकी लोक फार तर हवामानावर दोन शब्द बोलतात.

आता तुझं काम. मेणवलीचा घाट नको, तो पुष्कळांनी काढलाय. मधल्या आळीत एखादी जुनी वखार किंवा फळ्या लावून बंद करायचं दुकान उरलं असेल तर तिथे सकाळी आठच्या सुमारास जा, फळ्या काढतानाच. दुकानदाराला आधी सांग, आणि त्याची दुचाकी समोर लावलेली असेल तर हलवायला लावू नकोस. मोबाइलनेच काढ, पण तारीख आणि जागा मागे लिहून ठेव. माझ्या मामांच्या अल्बममधले निम्मे वाडे आज कोणते ते कुणालाच सांगता येत नाही.

छापील फोटोंचं पाकीट वेगळं पाठवतोय. त्यातले कृष्णधवल ठेवू की रंगीत, ते कळव. मला अजून ठरवता येत नाही. चुनखडीचा रंग गेला की भिंत ओरडत नाही, पण मधही जातो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नाना