कडीचं तेवढं बघ

लातूर, रविवार, रात्रीचे साडेअकरा

चि. रेणू,
अनेक आशीर्वाद.

तुझा 'पोचले' एवढा एकच शब्द आला, त्याला आज आठ दिवस झाले. फोन मी मुद्दामच केला नाही. फोनवर माझा आवाज चढतो असं तुझी आई म्हणते, आणि ते खोटं नाही. म्हणून दुकानातल्या जुन्या हिशेबपट्ट्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायलोय. मागे आकडे दिसतील, ते सोयाबीनचे आहेत.

आधी तुझ्या घाबरण्याच्या आजारावरच्या गोळ्यांचं. तुझ्या पर्समधून पाकीट काढून मी नालीत टाकलं, ते चुकलं. आत्याच्या जावयासमोर 'असल्या गोळ्यांची सवय लागली की बाई कामातून जाते' म्हणालो, ते त्याहून चुकलं. दोन दिवसांनी तू म्हणालीस चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतंय, तर मी म्हणालो, बघ, लागलीच ना सवय. त्याच रात्री तू मुंबई गाडीला बसलीस. आईनं बांधलेली भाकरी आणि शेंगाची चटणी ओट्यावरच राहिली. सकाळी मीच खाल्ली. टाकवेना.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा सुचली. सात महिने तू एकटी कशातच बसली नव्हतीस. दिवाळीला आणायला दादू पुण्याला आला होता. आणि त्या रात्री रागाच्या भरात का होईना, तू एकटी स्टेशनवर गेलीस, रात्रभराचा प्रवास केलास, आणि पोचलीस. तुझ्या आईला मी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, मला काय सांगता, तिला सांगा.

रात्री आतून कडी लावतेस का? नाही, राहू दे. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

मंगळवारी मी डॉक्टरकडे गेलो. मोंढ्यातून दोन वाजता सुटलो, मालकाला सांगितलं दाताचं काम आहे. मनाच्या डॉक्टरकडे जातो म्हणायला जीभ वळेना. बघ, तुला चारचौघांत बोलताना हीच जीभ किती सरळ चालत होती. तिथं नंबर लावला, माझ्या पुढं अकरा जण. त्यातला एक तर आपल्या बाजूच्या गल्लीतला. आम्ही दोघांनी एकमेकांना बघितलंच नाही.

डॉक्टर तरुण आहेत, दादूच्या वयाचे असतील. मी सगळी तुझी कहाणी सांगितली. बँकेच्या काउंटरवर कॅश जुळवताना छाती धडधडायला लागली, बोटं वाकडी झाली, आता मरते म्हणालीस, दवाखान्यात नेलं, ईसीजी चांगला, रक्त चांगलं, थायरॉईड चांगलं, म्हणून गॅस आहे सांगून घरी पाठवलं. नंतर पुन्हा, पुन्हा. ते म्हणाले, मुलगी माझी पेशंट नाही, तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही, पण हा आजार काय असतो ते सांगतो. आणि कागद घेऊन त्यांनी एक डोंगर काढला. ही भीती अशी चढते, साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते, आणि तिथं फार वेळ थांबू शकत नाही. शरीराचा दारूगोळाच तेवढा असतो. अर्ध्या तासात बहुतेक उतरते. माणूस काही करो न करो, उतरते.

बोटांचंही सांगितलं. घाबरला की माणूस भराभर श्वास घेतो. वाटतं हवा कमी पडते, पण उलटंच असतं. जास्त श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून मुंग्या, म्हणून चक्कर, म्हणून बोटं आखडणं. मग ती बोटं बघून भीती आणखी वाढते. तेव्हा ओढून दम घ्यायचा नाही, सावकाश सोडायचा. आत घेताना चार मोजलं तर सोडताना सहा. तुला हे माहीतच असणार. मी मात्र तुला 'मोठ्ठा श्वास घे, मोठ्ठा श्वास घे' म्हणून पाठीत थोपटत होतो.

मला आपला काटा आठवला. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा कधी कधी रिकामा असून दोन-अडीचशे ग्रॅम दाखवतो. वर दाणा नाही, पण आकडा खरा लुकलुकतो. शेतकरी ओरडतो, आणि त्याचं बरोबर असतं. आकडा तर दिसतोय ना! म्हणून काही आपण काटा फोडत नाही, आणि शेतकऱ्याला खोटारडाही म्हणत नाही. धूळ झटकतो, झिरोवर आणतो, पुन्हा लावतो. मी तुला खोटारडी म्हणालो. 'मनाचे खेळ' म्हणजे तेच की. माणूस काही काटा नाही, हे मलाही कळतं. मुनिमाला उपमा सुचणार तरी कशाची?

गोळ्यांबद्दल विचारलं. तू घेतेस ती जात सवयीची नाही म्हणाले. तिला लागू पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीचे काही दिवस उलट जास्त अस्वस्थ वाटू शकतं, आणि ती एकदम तोडली तर चक्कर, करंट, चिडचिड होते. ती सवय नाही, शरीराला झटका बसतो. कमी करायची तर डॉक्टरच्या हातानं, हळूहळू. सवयीची भीती असते ती दुसऱ्या जातीची, लगेच शांत करणारी, अल्प्राझोलामसारखी. ती थोडेच दिवस देतात. मला सगळं एकच वाटत होतं. तेव्हा आता तू गोळी एकही दिवस चुकवू नको, मोबाइलला गजर लाव, चहा कमी कर, तुझा दिवसाला पाच-सहा कप होतो, संध्याकाळनंतर तर नकोच, आणि जागरण करू नको, आणि छातीत काही वेगळंच दुखलं तर 'तेच असेल' म्हणून बसू नको, जाऊन दाखव, आणि ते रात्री मोबाइलवर आजार शोधत बसणं

बघ. पुन्हा सुरू झालो. माफ कर. हे सगळं तुझ्या डॉक्टरबाईंनी तुला सांगितलंच असणार, माझ्यापेक्षा नीट. नालीत गोळ्या टाकणाऱ्यानं गोळ्यांवर भाषण देऊ नये.

आणखी एक कळलं. दिवाळीत पाडव्याच्या दिवशी तू मागच्या अंगणात जागच्या जागी पळत होतीस, मग गोल गोल फिरत होतीस, आणि हातात घड्याळ. तुझी आई खिडकीतून बघून रडली, तिनं संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. तो उपचारच आहे म्हणे. मुद्दाम धाप लावायची, मुद्दाम चक्कर आणायची, आणि शरीराला दाखवायचं, बघ, धडधडलं तरी कोणी मरत नाही. तू ते एकटी, आम्हाला न सांगता करत होतीस. आम्हाला सांगितलं असतंस तरी आम्ही काय केलं असतं म्हणा. आईच्या ओवाळण्याला नावं ठेवू नको तेवढं. तिला तेवढंच येतं.

त्या डॉक्टरांनी मग मलाच विचारलं, काका, तुम्ही झोपता कुठं?

मी गप्प. काय संबंध? म्हणालो, दारापाशी, हवा लागते. थंडीत? थंडीतही. किती वर्षं? मी हिशेबाचा माणूस, पण आकडा तोंडातून निघेना.

तुला मी किल्लारीच्या भूकंपाचं कधी नीट सांगितलं नाही. शाळेत निबंध होता तेव्हा तू विचारलं होतंस, मी म्हणालो, पुस्तकात बघ, 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, सुमारे दहा हजार माणसं. तुला दहापैकी नऊ मिळाले. बाकीचं असं आहे. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. मी बावीसचा, मंडळात ढोल. घरी यायला दीड वाजला. आपलं घर माळवदाचं, दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचा थर. कुसुमनं आतून कडी लावली होती. मी एकदाच वाजवलं. ती काही उठली नाही, आजीची झोप मोडायला नको म्हणून मी पारावर जाऊन आडवा झालो. म्हणून मी आहे.

पळत आलो तेव्हा निम्मं घर उभं होतं. दार होतं. चौकट वाकडी झालेली, आणि कुसुम आतून कडी ओढत होती. कडीचा आवाज येत होता, रेणू. लोखंडाचा. मी बाहेरून लाथा घालत होतो, ती आतून ओढत होती. मग उरलेलं माळवद आलं. आजीला दुपारी काढलं, जिवंत.

बस. पुढचं नाही लिहीत.

आपल्या घराला आतून कड्या का नाहीत म्हणून तू दहावीत माझ्याशी भांडलीस. मैत्रिणी आल्या की लाज वाटते म्हणालीस. मी म्हणालो, आमच्या घरात कोणाला काही लपवायचं नसतं. केवढं रुबाबात म्हणालो. आणि बारावीला तुला पहाटे चारला उठवायचो. लोक म्हणायचे लातूर पॅटर्नचा बाप, बघा कसा कडक. अगं, मी तर पावणेचारलाच जागा असायचो. रोज. आजही. तुझ्या खोलीत दिवा लागला, तू पुस्तक उघडलंस, पंख्याखाली पानं फडफडली की माझी छाती खाली बसायची. तुझ्या अभ्यासासाठी उठवत होतो की मला सोबत हवी होती, हे आता मी कोणत्या तोंडानं सांगू? 2016 चं ते वर्ष तर असं, की मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, टँकरच्या रांगेत घागरीवर बसून तू फिजिक्स करायचीस. मी सगळ्या मोंढ्याला अभिमानानं सांगत हिंडलो. तुला झोप किती मिळते हे एकदाही मोजलं नाही.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही कडी टाळली, म्हणून कडीची भीती बत्तीस वर्षं जपली. टाळलं की त्या क्षणाला बरं वाटतं, आणि भीतीला वाटतं आपण खरी होतो. तुझं गाडीत न बसणं आणि माझं दारापाशी झोपणं एकच आहे म्हणाले. मला राग आला. कुठं भूकंप आणि कुठं बँकेचं काउंटर! पण बसस्टँडपर्यंत चालत येताना मनात आलं, धडधड तीच असेल. तुझ्या मागे काही पडलं नव्हतं म्हणून ती हलकी होती असं मी कोण ठरवणार?

एक नंबर देतो, 14416. सरकारी आहे, टेली-मानस, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. परवा रात्री दोनला मीच लावला होता. तुझा मेसेज नाही, निळी खूण नाही, मला सुचेना. एक मुलगी बोलली. तुझ्यासारखाच आवाज. तिनं पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, काका, तुमच्या जवळ आत्ता कोण आहे? मी तुझ्या आईला उठवलं. मग आम्ही चहा केला. चहा कमी कर हे मी तुला वर लिहिलंय, ते तसंच राहू दे.

आता ऐक. गुरुवारी मी आपल्या खोलीला कडी बसवून घेतली. सुतार हसला, म्हणाला मुनीम, आता म्हातारपणी? रात्री लावली. तुझी आई बाहेर घड्याळ घेऊन उभी. चार मिनिटांत घामानं बनियन भिजलं, उघडली. शुक्रवारी सहा. काल नऊ मिनिटं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत भीती खरंच जरा उतरली, त्या कागदावरच्या डोंगरासारखी. तुझी आई बाहेरून म्हणत होती, अहो, आवाज द्या. मी दिला नाही. मोजत होतो.

तू कधी येणार विचारत नाही. चाकूरची आत्या विचारते, तिला मी काहीतरी सांगतो. गोळ्यांचे पैसे दादूच्या फोनवरून टाकलेत, परत पाठवू नको. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि आईनं विणलेलं ते हिरवं काहीतरी दिलंय, शिवाजीनगरला सकाळी सहाला उतरवेल. तू जाऊ शकलीस तर जा. नाही जमलं तर मैत्रिणीला पाठव, मी विचारणार नाही कोण गेलं होतं.

समोरच्या ताईंकडे एक चावी ठेवतेस का? आतून कडी लावली की बाहेरून चावी लागत नाही, हे मला कळतं. तरी ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. कडी लाव. एकटी मुलगी, लावलीच पाहिजे. पण वरचीच लाव. खालचा कोयंडा जाम होतो, मागच्या वर्षी मी आलो होतो तेव्हा बघितलं होतं. त्याला शिलाई मशीनचं तेल घाल, दोन थेंब, आणि चार-पाच वेळा मागे-पुढे कर.